कुलूप न लागलेली दुपार

हलब (अलेप्पो), मंगळवार, ३ एप्रिल १९३४

स्वस्ति श्री. सकल-शामदेश-श्रवणसम्राट, कर्णेंद्रिय-कुलभूषण, रोमांच-रत्नाकर, मिष्टान्न-धुरंधर, हुम्स नगरीच्या टपाल कचेरीत आयुष्यभर पत्रांवर शिक्के ठोकून ज्यांचा उजवा खांदा डाव्याहून किंचित उन्नत झाला आहे असे आम्ही, रिफअत बिन सालिम, आज मध्याह्नी मोटारगाडीतून या नगरीत सुखरूप अवतीर्ण झालो. वेशीवर स्वागतार्थ एक गाढव उभे होते. चौकशीअंती ते दुसऱ्या कोणासाठी आले असल्याचे कळले.

साबणाचे वृद्ध व्यापारी हाजी वहीद यांनी आम्हांस नोकरीस बोलाविले आहे. नोकरी ऐकण्याची. गेल्या हिवाळ्यात हुम्समधील एका विवाहात गवयाने स्वर उचलताच आमच्या उजव्या हातावरचे केस ताठ उभे राहिले. शेजारी बसलेल्या हाजींनी तो हात धरून, कापडाचा पोत पाहावा तसा उन्हात फिरवून पाहिला. ज्या गुणाचे आमच्या सहधर्मचारिणीने कधीही कौतुक केले नाही, त्याला अखेर गिऱ्हाईक मिळाले.

घर प्रशस्त आहे. अंगणात हौद आणि त्यावर झुकलेले नारिंगाचे झाड, सध्या पूर्ण बहरात. स्वयंपाक उम्म शुक्री पाहते. किब्बे, म्हणजे खिम्याचे वडे, उत्तम. कॉफीत मात्र साखर नाममात्र होती. तसे सांगताच ती म्हणाली, "अहो हुम्सवाले, कॉफी हवीय की मुरंबा?"

येत्या मंगळवारी, दहा तारखेस, सायंकाळच्या गाडीने परतावयाचे आहे. गुरुवारी आमच्या कन्येचा, बुसैनाचा निकाह. बापाचा उजवा हात वराच्या हातात पडल्याखेरीज तो लागत नाही. हाजींनी ही अट मान्य केली आहे.

बुधवार, ४ एप्रिल

आज नोकरीचा श्रीगणेशा. दुपारच्या नमाजानंतर बैठक बसली. गायक शेख ताहेर वयस्कर आणि कृश आहेत. त्यांचा आवाज मात्र सुरीसारखा. श्रोते तिघेच. एक हाजी, दुसरे आम्ही आणि तिसरा अबू लुत्फ नामक वृद्ध खोगीरकार. आम्ही आसनस्थ होताच तो म्हणाला, "बुधवारीच सुरुवात का? हुम्सवाल्यांचा वेडाचा वार ना हा?" हुम्सच्या मनुष्यास हा विनोद सबंध शामदेशात प्रत्येक बुधवारी ऐकावा लागतो. आम्ही त्यास आशीर्वाद दिला.

या घरची रीत अशी की श्रोत्याने बाही कोपरापर्यंत वर करून बसावे. वाहवा कोणीही करील, रोम लाच घेत नाहीत. कोणाच्याही हातावर काटा आला की गायकाने तीच ओळ पुन्हा, नव्या वळणाने घ्यावयाची. सर्वांचे रोम निवले की त्याने मूळ स्वरावर उतरून ओळ मिटवावी. यास येथे कुलूप लावणे म्हणतात. ओळ एकदा उचलली की कुलूप लागेपर्यंत कोणी उठत नाही, कोणी काही वाढत नाही. जगातील हे एकच घर असावे, जेथे कुलूप लागल्यावरच बाहेर पडता येते.

आज एका ओळीवर आमचे रोम इतक्या वेळा उभे राहिले की शेखजी घामाघूम झाले. अर्धा दिवस सरला असावा, असा आमचा अंदाज. ओळ मिटल्यावर पाहतो तो पुढ्यातील तांब्याच्या भांड्यातल्या कॉफीतून वाफ निघत होती आणि झाडाची सावली हौदाच्या काठी होती तेथेच होती. हलबच्या तांबटांचे कौशल्य वादातीत आहे.

शनिवार, ७ एप्रिल

अबू लुत्फचा हात आज निरखून पाहिला. साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. कारण विचारता त्याने सहज सांगितले, "ऐकून ऐकून झिजला. माझा रोम उभा राहायचा थांबला, म्हणून तर तुला आणलाय. नाहीतर तुझ्या तोंडाकडे बघून कोण आणणार होतं?"

घड्याळ पाहू लागलो आहे. बैठकीत ते बंद पडत नाही. काटा हलतो, टिकटिक होते, पण कुलूप लागल्यावर पाहावे तर वेळ बसलो तेव्हाचीच.

हाजींचा खोकला वाढला आहे. गाणे चालू असता ते गायकाकडे पाहत नाहीत, उन्हाकडे पाहतात.

मंगळवार, १० एप्रिल, सकाळ

डॉक्टर येऊन गेले. उम्म शुक्रीने कॉफीचे बी भाजताना आम्हांस सांगितले की हाजी आजची संध्याकाळ पाहणार नाहीत. कॉफी बिनसाखरेची होणार; समाचाराला येणाऱ्यांना ती तशीच देतात. सांगताना ती रडली, बी मात्र करपू दिले नाही.

आमचे बोचके बांधून तयार आहे. गाडी सूर्यास्ताच्या अजानला सुटते. हाजींना शेवटची एक बैठक हवी आहे. मरणोन्मुख मनुष्यास नाही म्हणण्याइतके आम्ही नीच नाही.

मंगळवार, दुपार

बैठकीत बसूनच, मांडीवर वही ठेवून लिहितो आहे.

आरंभी हाजींनी विनंती केली की आज पाहुण्याने शेखजींना शपथ घालावी. पाहुण्याची शपथ येथे कोणी मोडत नाही. आम्ही उठलो, छाती काढली आणि आमच्या परमप्रिय बुसैनाच्या जिवाची शपथ घालून, हात नाटकी उंचावून जाहीर केले की या हातावरचा शेवटचा रोम निवेपर्यंत शेख ताहेर यांनी कुलूप लावू नये. शब्दयोजना उत्तम साधली होती. शेखजींनी आमच्याकडे असे पाहिले, जणू घराची किल्ली आम्ही विहिरीत टाकली. अबू लुत्फने डोळे मिटले.

उम्म शुक्रीने कॉफी आणली. तीच, बिनसाखरेची. साखर मागितली. ती वळली, तोच शेखजींनी ओळ उचलली. रीतीप्रमाणे ती उंबऱ्यावरच बसली.

मंगळवार, दुपार

ओळ चालूच. किती वेळा परतली, गणती सुटली. सावली हौदाच्या काठी. झाडावरून गळालेले एक फूल पाण्याच्या वर, हवेतच थांबलेले.

आम्ही हाजींना गाडीची आठवण करून दिली. ते प्रसन्न दिसत होते. खोकला नाही. हळूच म्हणाले, "गुरुवारची कसली काळजी करतोस? मी त्याला येऊच देत नाही. तुझी लेक तिकडे मेंदी लावून बसलीय, बसू दे सुखात. मलाही बसू दे."

मंगळवार

उठलो. रीत मोडली, कोणी अडविले नाही. दरवाजा उघडा होता. गल्लीत ऊन. बोळ उजवीकडे वळला, पुन्हा उजवीकडे. पाठीमागे ओळ ऐकू येतच होती, मग समोरून येऊ लागली. तिसऱ्या वळणाशी नारिंगाचा वास आला. अबू लुत्फने सरकून मला जागा करून दिली.

"बुधवार टळला तुझा," तो म्हणाला, "तेवढं तरी बरं झालं."

तो हसत नव्हता.

मंगळवार

शपथ परत घेतली. मोठ्याने. शेखजींनी गाता गाता मान हलविली. मुलीच्या जिवाची घातलीस, मोडली तर तिच्यावर जाईल. हे ते बोलले नाहीत. बोलणार कसे, तोंडात ओळ आहे.

उपाय एकच. काटा येऊ द्यावयाचा नाही. टपालाचे दर आठवले. सासूची मसुराची आमटी आठवली. कानांत बोटे घातली, तर दातांतून ऐकू आले.

मंगळवार

फळे सोलण्याच्या सुरीने हात तासला. कोपरापासून मनगटापर्यंत. केस गेले. कातडी तेवढी राहिली, आणि ती—

एकेक छिद्र उभे राहिले.

शेखजींच्या ओठांना भेगा पडल्या आहेत. डोळ्यांनी विनवितात, आता नको रे. मी काय करू. ओळ दर खेपेस सुंदर होते आहे. याहून सुंदर होणे शक्य नाही असे वाटते आणि—

मंगळवार

जवळजवळ साधले होते. लिहून ठेवतो.

मी काहीच आठविले नाही. नुसता बसलो, ओंडक्यासारखा. हात निवला. शेखजींनी पाहिले. ते उतरू लागले, पायरी पायरीने. सावली सरकली, मी पाहिली, बोटभर. फूल पाण्यात पडले. हाजी खोकले. उंबऱ्यावर उम्म शुक्री अर्धी उठली. एकच स्वर उरला होता, मूळ, घरचा, आणि त्यात मला बुसैना दिसली, माझा हात वराच्या हातात, आणि वाटले, घर, आता घर—

सर्वांगावर काटा आला. असा कधी आला नव्हता.

घरी परतणारा स्वर. त्याच्याइतके अंगावर काटा आणणारे दुसरे काही नाही. म्हणजे प्रत्येक वेळी, शेवटच्या पायरीवर—

शेखजी रडत रडत पुन्हा वर गेले. हाजींचा खोकला थांबला. उम्म शुक्री खाली बसली.

मंगळवार

कॉफी अजून गरम आहे. कधीच निवणार नाही. एक घोट घेतला. कडू जहर. स्वयंपाकघर ते काय, समोर दहा पावलांवर, फळीवरची बरणी येथून दिसते. पहिल्याच दिवशी त्या बाईला स्पष्ट सांगितले होते की मला साखर—