पागोट्याचा नियम

सर, आत्ताच सावद्याजवळच्या एका केळीच्या मळ्यातून परतले आणि हात धुवायच्या आधी लिहायला बसले. हातांना अजून भाजलेल्या वांग्यांचा वास आहे. तुम्ही म्हणाल, हिला कधीपासून पत्रं लिहायची सवय लागली? नाही लागली. दोनदा गावची सरपंच झाले, अर्ज लिहिले, तक्रारी लिहिल्या, एका साहेबाला तर असं पत्र लिहिलं की पाण्याची टाकी महिन्यात उभी राहिली. तुम्हाला मात्र ओळसुद्धा लिहिली नाही. तुम्ही गेल्याचं धुळ्याहून आलेल्या एका पाहुण्याने सांगितलं, तेव्हा मी "अरे रे" म्हणाले आणि पंचायतीच्या मीटिंगला निघून गेले.

तुमच्या वर्गातल्या आम्ही सातजणांनी, शाळेत असताना तुम्ही रविवारी मळ्यात खेळवायचात तो दरबाराचा खेळ पुन्हा मांडला. शनिवार-रविवार, पूर्ण दोन दिवस. बोदवडला औषधांचं दुकान चालवणारा आपला एक जण महिनाभर फोन करून सगळ्यांच्या मागे लागला होता. केस पिकलेली, गुडघे कुरकुरणारी माणसं मळ्यात जमली आणि स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढू लागली. मळ्यात कामाला येणाऱ्या बायांना समजावता समजावता पुरेवाट झाली. नाटक आहे का, तर नाही. पाठांतर नाही, बघणारं कोणी नाही. चिठ्ठीत पाटील निघाला तर दोन दिवस पाटील म्हणून जगायचं, वैद्य निघाला तर वैद्य म्हणून. एक बाई दुसरीला म्हणाली, "बाप्पा, एवढी मोठी मानसं अन् सोंगं करू र्‍हायली!" मी म्हटलं, "बाई, सोंगं तर बारा महिने करतो, इथे निदान चिठ्ठी काढून करतो." ती खूप हसली.

तुमचा नियम आम्ही जसाच्या तसा ठेवला. प्रत्येकाने पागोटं घालायचं, आणि ते डोक्यावर आहे तोवर कोणाचं खरं नाव घ्यायचं नाही, खऱ्या आयुष्यातलं काही बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर पागोटं काढायचं, आणि काढलं की खेळातून बाद. शाळेत असताना हा नियम मला फार आवडायचा, कारण मी कधीच बाद झाले नाही. आठवीपासून दहावीपर्यंत एकदाही नाही. तुम्ही वर्गात शुद्ध बोलायचात, पण रागावलात की तुमची धुळ्याकडची बोली बाहेर यायची. एकदा डबे खाताना सगळ्यांसमोर म्हणालात, "तुले जिंकता येस, खेयता येत नही." सगळे हसले. मला ते बोलणं लागलं, पण मी वर मान करून म्हणाले, "जिंकता येतं ना सर, मग झालं." तुम्ही माझ्या डब्यात आणखी एक कळण्याची पुरी वाढलीत.

दहावीतला तो रविवार आता लिहितेच. मी पाटील आहे आणि माझ्या बाकावरची मैत्रीण चोर. केळीचा घड चोरल्याबद्दल मी तिला विहिरीच्या कट्ट्यावर दिवसभर उभं राहायची शिक्षा देते. थंडीचे दिवस, पण दुपारचं ऊन आपल्याकडचं, त्याला ऋतू कुठे कळतो? ती म्हणते, "पाटीलबुवा, अंगात कणकण आहे. सावलीत बसू द्या." मी मिशीवर ताव दिल्यासारखं करून म्हणते, "चोराला ताप, की पाटलाला थाप?" दरबार खदाखदा हसतो. ती पुन्हा विनवते, मी पुन्हा हसवते. तिसऱ्यांदा ती काही बोलतच नाही, कट्ट्यावरून खाली कोसळते. तुम्ही धावत येता, तिला उचलता, आणि तिला बैलगाडीत घालून डॉक्टरकडे न्यायच्या आधी माझ्याकडे वळून विचारता, "तुले समजनं नही का, ती खरं बोली राहिनी?" मी म्हणते, "नाही समजलं, सर. तिनं पागोटं कुठं काढलं होतं?"

ती आठवडाभर तापात होती. तिचे वडील शाळेत आले, कमिटी बसली. तुम्ही सगळ्यांसमोर उभे राहून म्हणालात, "नियम माझा, चूक माझी. त्या पोरीला कळलं नाही, तिचा दोष नाही." खेळ कायमचा बंद झाला. वर्ष संपताना तुम्ही बदली मागून धुळ्याला गेलात. मला कोणी शब्दाने बोललं नाही. मैत्रीण बोलायची, पण नमस्कार-चमत्कारापुरतं. तिचं लग्न झालं, तीही धुळ्याला गेली, नर्स झाली. लग्नकार्यात भेटायची तेव्हा मी साडीचं कौतुक करायचे. माफी मागायची असं मी किती वर्षं ठरवत होते, सांगत नाही. सभेत हजार माणसांपुढे बोलताना माझी जीभ अडखळत नाही, पण तिच्यापुढे साडीच आठवायची.

आणि शनिवारी तीही धुळ्याहून आलेली. चिठ्ठ्या निघाल्या. ती पाटील, मी चोर! औषधवाला गालातल्या गालात हसला, मला वाटतं त्याला काही आठवलं असावं. आंब्याच्या सावलीत दरबार भरला. मी अशी काही बाजू मांडली की घड चोरला नसून घडच माझ्यामागे चालत आला असं सिद्ध होत आलं होतं. सगळे पोट धरून हसत होते, तीसुद्धा. मग मला वाटलं, हीच वेळ. सोंगाच्या आडून बोलून टाकू, अवघड जाणार नाही. मी म्हणाले, "पाटीलबुवा, घडाचं सोडा. मागे एकदा मी एका आजारी माणसाला उन्हात उभं केलं. त्याची माफी मागायची राहून गेली. आज मागते." माझा आवाज खरंच फाटला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पाटलाच्या जाड आवाजात म्हणाली, "चोर मोठा गुणी हाये व! रडायचं सोंग बी येतं त्याले." आणि दरबार पुन्हा हसला.

तेव्हा मला विहिरीवरचा तिचा तो कट्टा कळला, सर. खरं बोलावं आणि लोकांनी सोंग समजून वाहवा म्हणावं, म्हणजे काय होतं ते. मी पागोटं काढून सतरंजीवर ठेवलं, तिला तिच्या नावाने हाक मारली आणि म्हणाले, "मी खरंच बोलतेय. चुकले मी." शनिवारी दुपारी बारालाच मी बाद. सगळ्यांत पहिली. तिने पागोटं काढलं नाही, फक्त मान हलवली आणि पुढचा खटला बोलावला. मी मुकाट्याने चुलीकडे गेले आणि दोन दिवस कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली. खोटं कशाला बोलू, हरायला मजा आली. भरीत तर माझंच सगळ्यांत चांगलं झालं.

आज सकाळी ती मोकळ्या डोक्याने चुलीपाशी आली, चहा घेतला आणि विचारलं, "तुले तवा खरंच समजलं नव्हतं का?" शब्द वेगळे, प्रश्न तुमचाच. मी म्हणाले, "समजलं होतं. दुसऱ्यांदा विनवलंस तेव्हाच. पण लोक हसत होते, आणि मी जिंकत होते." तिने चहात फुंकर घातली. मग म्हणाली, "मले तुझ्या डोळ्यात दिसलं होतं. म्हणूनच मी पागोटं काढलं नाही. नियम तोडून तू मले सावलीत नेतेस का, ते पाह्यत होते." तिने उरलेला चहा माझ्या कपात ओतला आणि वांग्याची सालं काढायला माझ्याशेजारी बसली.

तिला सांगून झालं. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला पत्ताही नाही. पण माझ्या त्या एका "नाही समजलं"वर विश्वास ठेवून तुम्ही कमिटीपुढे उभे राहिलात, आणि तुमचा खेळ गेला. मला समजलं होतं, सर.