डावीकडची पूर्व

मुलुंड, ४ फेब्रुवारी २०२४

ती. पद्मजाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. कंबर कशी आहे? डॉक्टरांनी फरशीवर उताणं पडून राहायला सांगितलंय, तर पड. उगाच डबे घासत बसू नकोस.

मी नातीबरोबर, स्वरदाबरोबर, तारे ओळखायला शिकतोय. आणलेल्या तारकानकाशात मात्र घोडचूक आहे. पूर्व चक्क डावीकडे छापलीय! पस्तीस वर्षं भूमापन कचेरीत नकाशे तपासले. असला नकाशा माझ्या टेबलावरून पुढे गेला नसता. लाल शाईने पूर्व-पश्चिम बदलून, तारीख घालून सही ठोकली. प्रत सोबत आहे.

त्याप्रमाणे गेल्या आठवड्यात गच्चीवर मृगाच्या पूर्वेला, ऐरोलीच्या बाजूला, रोहिणी दाखवली. स्वरदा म्हणाली की रोहिणी तांबूस असते, हा तारा तर पांढराशुभ्र आहे, नकाशाच बरोबर असेल. मी चारचौघांत तिच्यावर खेकसलो. तेव्हापासून ती गच्चीवर येत नाही, माझ्याशी बोलत नाही. दहा वर्षांची पोर, पण तिच्यावाचून संध्याकाळ खायला उठते गं. काय करू?

लोभ आहेच, सोबत चार शब्द सुनावलेस तरी चालेल.

तुझा,
नंदकिशोर

बोरिवली, ८ फेब्रुवारी

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

कंबर बरी आहे, डबेही घासून झाले.

तुझा नकाशा पडल्या पडल्या, हात वर करून पाहिला. खोलीत जागाच तेवढी, म्हणून दक्षिणेला पाय करून पडते. दक्षिणेला पाय मेलेल्याचे, हे शास्त्र मला शिकवू नकोस. नकाशातली उत्तर डोक्याकडे धरली, तर छापलेली पूर्व बरोब्बर नॅशनल पार्ककडे आली आणि पश्चिम स्टेशनकडे! तुझ्या लाल शाईचं ऐकलं तर बिबटे तिकीट काढायला येतील.

अरे, जमिनीचा नकाशा टेबलावर ठेवून वरून बघतात. हा डोक्यावर धरून खालून बघायचा. रोहिणी मृगाच्या पश्चिमेला शोध. पण आधी पोरीची माफी माग. लहानपणी गणित चुकलं की पाटी लपवायचास, तसं करू नकोस.

तुझी चूक सापडल्यामुळे लोभ किंचित वाढला आहे.

ताई

मुलुंड, १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी स्वरदाला सांगितलं की मी चुकलो. तिने एवढंच विचारलं, की गच्चीवर सगळ्यांसमोर सांगशील का. तिथे जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं.

मग दोघं चटईवर दक्षिणेला पाय करून उताणे पडलो. शेजारच्या वनमालाबाईंनी मला तशा अवस्थेत पाहून किंकाळीच फोडली. वॉचमन पाणी घेऊन धावत आला. शेवटी तोही शेजारी आडवा झाला. रोहिणी मृगाच्या पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला सापडली, चांगली तांबूस. मी दाखवलेला तो व्याध होता.

राहिली लाल शाई, ती काही खोडता येईना. चुकीची दुरुस्ती रद्द करायला कचेरीत वरिष्ठांची सही लागायची, हे स्वरदाला सांगितलं. तिने माझंच पेन घेऊन ‘दुरुस्ती रद्द’ लिहिलं आणि खाली ‘तपासले’ म्हणून झोकात सही केली. पस्तीस वर्षं ती जागा माझी होती. तिथे तिचं नाव पाहून इतका आनंद झाला, की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

आम्हा दोघांवर लोभ ठेव, हुद्द्याप्रमाणे आधी तिच्यावर.

तुझा,
नंदकिशोर
(कनिष्ठ तपासनीस)