एकतीस पायऱ्यांवरची खोली

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पोचलो. एकतीस पायऱ्या! मोजल्या, कारण मोजल्याशिवाय मला चढताच येत नाही. आधी उजवा पाय टाकायचा, मग डावा ओढून घ्यायचा. नवरा मागे, दोन्ही हात पुढे धरून. मी कोसळले तर झेलायला. सहा तास गाडीत बसून माकडहाडाची पार वाट लागली आहे. खोलीत शिरल्या शिरल्या फरशीवर आडवी झाले. छत पाहिलं. तळं अजून पाहिलेलं नाही.

इथे यायचं हा माझाच हट्ट. चष्म्यांच्या प्रदर्शनासाठी तीन वर्षं तो इथे येतोय, एकटाच, चार-चार दिवस. परत आल्यावर तळ्याबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज वेगळा होतो. या वर्षी प्रदर्शन नाही, म्हणून मी म्हटलं, नुसतं फिरायला जाऊ, दोघंच, आठ दिवस. तो म्हणाला, "तिथे चढ फार आहेत." मग म्हणाला, "त्यापेक्षा समुद्रावर जाऊ." मग म्हणाला, "ते गेस्ट हाउस कायम भरलेलं असतं." त्याच्या कोटाच्या खिशात कार्ड होतं. मी स्वतःच फोन केला. जागा होती. त्याला सांगितलं तर चष्मा काढून पुसत बसला. गावाचे चष्मे करणारा माणूस, पण अडचणीत सापडला की स्वतःचा पुसतो.

मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. साठीच्या, ताठ, चाव्यांचा जुडगा कमरेला. त्याला बघून चेहरा फुलला. मग मला बघितलं. चेहऱ्यापासून काठीपर्यंत, सावकाश. "या," म्हणाल्या. एवढंच.

४ ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर पलंगावर. खिडकीखाली पाणी आहे, वासावरून कळतं.

५ ऑक्टोबर, रविवार

आज गॅलरीपर्यंत गेले. आठ पावलं. खुर्चीत उशी, पाठीला पट्टा, आणि एकदाचं दिसलं! केवढं हे तळं. पलीकडचा काठ धुक्यात अर्धा पुसलेला. उतारावर घरं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून पाण्याकडे बघतायत. खाली लाकडी धक्का, त्याला सात-आठ होड्या बांधलेल्या.

नऊ वर्षांत मी असं पाणी पाहिलं नव्हतं. मुद्दामच पाहिलं नव्हतं. त्याआधीची अकरा वर्षं मी पाण्यातच काढली, तरणतलावावर मुलांना शिकवत. मग एका सकाळी ओल्या फरशीवरून पाय सटकला. बस. बाकी सगळं नंतरचं.

डॉक्टर विचारतात, एक ते दहामध्ये दुखणं किती? मला आकडा सांगता येत नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी राहतं तसं आहे ते. कधी कपाटं सरकवतं, कधी नुसतं येरझाऱ्या घालतं. झोपलं असलं तरी आहे हे माहीत असतं.

धक्क्यावरून हसणं ऐकू आलं. चांगलं मोकळं, पोटातून आलेलं. कोण एवढं हसतंय म्हणून वाकून पाहिलं. तो होता! नावाड्याशी बोलत उभा. हा माणूस असं हसतो हे मी विसरूनच गेले होते. मी वाकलेली दिसल्यावर हसणं थांबलं.

चहा घेऊन मालकीणबाई आल्या. कप ठेवला आणि गेल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेबांनी फार सोसलंय. सांभाळा त्यांना."

मी म्हटलं, "हो, माझ्यामुळे त्याला—"

"तुमच्यामुळे कसं? तुमचा काय संबंध?" आणि गेल्या.

माझा काय संबंध?

६ ऑक्टोबर, सोमवार

आज लिहून ठेवलंच पाहिजे.

सकाळी दुखणं नरम होतं. गोळ्या संपत आल्या म्हणून तो पुलापलीकडच्या दुकानात गेला. मी एकटीच खाली उतरले. आडवी होऊन, कठडा धरून, खेकड्यासारखी. धक्क्यावर पोचले तेव्हा अंगाला घाम, पण आनंद एवढा की कोणालातरी सांगावंसं वाटत होतं.

नावाडी म्हातारा आहे. वल्हवून वल्हवून एक खांदा वर गेलेला. काही न विचारता त्यानं माझ्या पाठीशी घडी घातलेलं पोतं ठेवलं. होडी निघाली. पाणी हिरवंगार, गार. मी हात सोडला पाण्यात.

"साहेबांबरोबर आलात ना, ताई?"

"हो."

"बरं झालं. एकट्यानं किती दिवस काढायचे माणसानं. नऊ वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत."

"कसली नऊ वर्षं?"

"बाईंना जाऊन."

"कोण बाई?"

वल्ही थांबली. "त्यांची बायको. बोलले नाहीत का तुमच्याशी? चुकलंच माझं."

मी म्हटलं, "नाही, सांगा. तो बोलत नाही त्याबद्दल."

मग त्यानं सांगितलं. बाई पोहायला शिकवायच्या. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली की तलावातली चाळीस पोरं एकदम काठाला. चालायच्या इतक्या भरभर की साहेब मागे राहायचे. हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी. निळी टोपी घालायच्या, फाटली तरी तीच. हनुवटीवर वण होता, लहानपणी झाडावरून पडल्याचा. "आणि मग एका सकाळी पाय घसरून पडल्या, ताई. ओल्या फरशीवर. तिथेच संपलं सगळं. दर वर्षी साहेब मला तळ्याच्या मध्यावर न्यायला सांगतात. वल्ही थांबवायची. पाण्याकडे बघत बसतात. एक शब्द नाही. पहिल्या वर्षी मी पण रडलो."

मी त्याच्या समोर बसले होते. दोन हातांवर. मी पाण्यातला हात काढला आणि हनुवटीवर धरला. वण झाकला.

"गार वाटतंय का?" त्यानं विचारलं.

"हो," म्हटलं. "परत चला."

७ ऑक्टोबर, मंगळवार

त्याला अजून काही बोललेले नाही.

काल तो गोळ्या घेऊन आला तेव्हा मी पलंगावर होते. "फार दुखतंय?" हो म्हटलं. नेहमीसारखं तेल कोमट केलं, पाय मांडीवर घेतला, घोट्यापासून वर चोळत आला. गुडघ्यामागे चार बोटांवर एक जागा आहे, तिथे अंगठा थांबवायचा आणि दहा आकडे मोजायचे. हे डॉक्टरला ठाऊक नाही, मलाही नीट सांगता येत नाही. त्याच्या अंगठ्याला ठाऊक आहे.

मेलेल्या बाईचे पाय कोणी असे चोळतं का?

दिवसभर संताप. सगळं सामान पायऱ्यांवरून खाली भिरकावावं असा. भिरकावायला उठावं लागतं. उठले नाही.

संतापाखाली आणखी एक काहीतरी आहे, ते जास्त वाईट. नावाड्यानं सांगितलेलं सगळं मी पुन्हा पुन्हा ऐकतेय. त्यात एक शब्द खोटा नाही. शिट्टी, टोपी, फरशी, सगळं खरं. माझ्या नवऱ्यानं खोटं असं काही सांगितलंच नाही. फक्त गोष्ट त्या फरशीवर थांबवली. पुढची नऊ वर्षं आणि मी, आम्ही गोष्टीतच नाही.

दुपारी तो धक्क्यावर गेला. ऊन गॅलरीच्या काचेवर आलं आणि काचेत ती दिसली, नावाड्याच्या गोष्टीतली. कठड्याला रेलून उभी, केस ओले. कमरेवर हात. माझ्याकडे बघेचना, तिचं सगळं लक्ष पाण्याकडे. तिला कुठे काही दुखत नव्हतं. मी मान वळवली तेवढ्यात कळ आली, डोळे मिटले, उघडले तर नुसती काच.

मला तिचा हेवा वाटतो. माझा नवरा दर वर्षी तिला भेटायला इथे येतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

विचारलं.

नाश्ता करून तो वर आला तेव्हा मी खुर्चीत बसून होते, पट्टा बांधून. म्हटलं, "मी कधी मेले?"

तो दारातच थांबला. मग समोरच्या पलंगावर बसला आणि चष्मा काढला. पुसला नाही. हातात धरून बसला.

"नावाड्यानं सांगितलं?"

"त्याची चूक नाही. तू सांग."

"पहिल्या वर्षी मालकीणबाईंनी विचारलं, बायकोला नाही आणलंत? मी तोंड उघडलं आणि तेच बाहेर पडलं."

"तेच म्हणजे?"

"गेली."

"आणि मग?"

"मग त्या काहीच बोलल्या नाहीत. चहा आणून ठेवला आणि शेजारी बसून राहिल्या." तो खाली बघत बोलत होता. "तू आजारी आहेस म्हटलं की लोक उपाय सांगतात. अमक्याचं तेल, तमक्याचा डॉक्टर, योगासनं करा, मन खंबीर ठेवा. नऊ वर्षं ऐकतोय. गेली म्हटलं की गप्प बसतात. कोणीतरी गप्प बसावं असं मला फार वाटत होतं गं."

"दुसऱ्या वर्षी सांगायचं होतंस, खोटं बोललो म्हणून."

"दुसऱ्या वर्षी मी त्याचीच वाट बघत होतो. वर्षभर."

दीड तास मी त्याला सोडलं नाही. कोणाकोणाला सांगितलंस, कोणत्या शब्दांत, रडलास का, किती वेळा, एकदा तरी माझा विचार आला का, मी तिकडे फरशीवर पडलेली असताना तू इथे होडीत बसून माझं सुतक पाळत होतास का. तो सगळ्याला उत्तर देत होता. खोटं एक नाही. स्वतःची बाजू मांडतोय असंही नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

शेवटी म्हणाला, "मला तिची आठवण येते."

मला ओरडायचं होतं. तोंडातून निघालं, "मलाही येते."

मग आम्ही दोघं रडलो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत असे दोघं एकदम कधी रडलो नव्हतो. एक रडला की दुसऱ्यानं पाणी आणायचं, असंच चालत आलंय.

डोळे पुसून मी विचारलं, "ती गेली, बरं. मग मी कोण?"

त्यानं चष्मा पुसायला घेतला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज नाश्त्याला खाली गेले. तो हात द्यायला आला तर म्हटलं, पुढे हो, मी येते. टेकत टेकत उतरले. तो टेबलापाशी बशी हातात घेऊन उभा, बसायचं विसरलेला. बाकी दोन-तीन टेबलांवर पाहुणे, पाव, उकडलेली अंडी, चमच्यांचे आवाज.

मालकीणबाईंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. पहिल्यांदाच. मग त्यांना राहवलं नाही. खालच्या आवाजात विचारलंच, "राग मानू नका. पण तुम्ही साहेबांच्या कोण?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. आता हा खरं बोलणार, सगळ्यांसमोर, हे मला दिसलं. तोंड उघडलंच होतं त्यानं. आणि मला ते नको होतं. त्या दोघांचं, या बाईचं आणि त्या म्हाताऱ्याचं, तीन वर्षांचं रडणं त्याचं एक वाक्य खोटं पाडणार होतं. आणि तिला, त्या काचेतल्या बाईला, कुठेतरी कोणीतरी नीट आठवतं आहे. असं दुसऱ्या कुठल्याच गावात नाही.

"बायको," मी म्हटलं. "दुसरी."

मालकीणबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरलेले. म्हणाल्या, "पहिलीच्या आठवणी काढतात म्हणून मनाला लावून घेऊ नका हं."

"नाही लावून घेत. चांगली होती ती."

तो बसला. मला अंडं सोलून दिलं. टरफलाचे बारीक तुकडे तसेच राहिले. मी खाल्लं. दातांत कचकचलं.

नंतर दोघं होडीतून गेलो. मध्यावर नावाड्यानं सवयीनं वल्ही थांबवली, आणि मग माझ्याकडे बघून ओशाळला. मी म्हटलं, "थांबा. थांबू द्या." तिघंही तिच्यासाठी गप्प. पायात कळा येत होत्या, पण मी हलले नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

गाडीत. अक्षर हलतंय. तो खिडकीशी झोपलाय, डोकं माझ्या खांद्यावर. खांदा दुखतोय. उठवणार नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

घरी. काल त्यानं बॅग पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटाशी ठेवली, आणि ती तिथे ठेवलेली पाहिली तेव्हा आठवलं.

तीन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा तळ्याकडच्या त्या प्रदर्शनाला निघाला होता. बॅग तिथेच होती. माझा तो आठवडा भयंकर गेला होता. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. दारातून त्यानं विचारलं, "तिथे कोणी तुझं विचारलं तर काय सांगू?"

मी वळलेसुद्धा नाही. म्हटलं, "सांग, मेली."

बुधवारी दीड तास मी त्याला उलटसुलट विचारत होते. हे त्यानं एकदाही काढलं नाही.