कंदील होता

अण्णा, मल्लेश्वरमच्या आपल्या गल्लीत पुन्हा खड्डा खणलाय. काल भाजी घेऊन येताना मी थांबले आणि त्याच्या चारही कोपऱ्यांवरचे लाल दिवे पेटलेत ना, हे पाहूनच पुढे गेले. या वयातही ही खोड जात नाही.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. मी कॉलेजात होते. तिन्हीसांजेला आपण दोघं गिऱ्हाइकाकडे ब्लाउज पोचवून परतत होतो, लाइट गेले होते, आणि बोलता बोलता तुम्ही सरकारी खात्याने खणून ठेवलेल्या खड्ड्यात पडलात. मी धडपडत धरलेल्या खांबाला एक कंदील टांगलेला होता, विझलेला. काचेवरचं कोळ्याचं जाळं माझ्या बोटांना चिकटलं. तुमचा उजवा गुडघा नंतर कधी वाकलाच नाही, आणि आपलं घर चालायचं ते तुमच्या पायमशीनवर. सगळे म्हणाले, सरकारशी कुठे भांडतोस. तुम्ही हट्टाने भरपाईचा दावा लावलात. आधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस, मग तारखांवर तारखा. काठी टेकत तुम्ही प्रत्येक तारखेला गेलात, इस्त्रीचा शर्ट घालून.

साक्षीदार मी एकटीच. खात्याचं म्हणणं होतं, खड्ड्याशी कंदील जळत होता. त्या दिवशी मी पिंजऱ्यात उभी आहे, आणि सरकारी वकील अगदी गोड कन्नडमध्ये विचारतात, "कंदील कुठल्या बाजूला होता, अम्मा?" मी म्हणते, "डावीकडच्या खांबाला." आपल्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. मग मी घाईघाईने म्हटलं, पेटलेला नव्हता, काचेवर जाळं होतं, माझ्या हाताला लागलं. पण सगळं बुडवलं असंच मला वाटलं. जिना उतरताना तुम्ही माझ्या लहानपणच्या लाडाच्या नावाने हाक मारून एवढंच म्हणालात, "सरी पुट्टी, बोललीस ते बोललीस. चल, स्वल्प कॉफी पिऊ." तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. निकालापर्यंत मला धड जेवण गेलं नाही.

निकाल आपल्या बाजूने लागला. जी मुलगी कंदील होता हे कबूल करते, तिचं तो विझलेला होता हेही खरं मानायला हवं, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. वकिलांनी ते वाचून दाखवलं आणि मी तिथेच बाकावर बसून रडले, इतकं हलकं वाटलं. भरपाईतून मशीनला मोटर बसली, तुमचा डावा पाय तेवढा पुरला, आणि शेवटच्या आजारपणापर्यंत तुम्ही शिवत राहिलात.

आता राहिलेलं सांगते. साक्षीच्या आदल्या दिवशी तुम्हाला जिना चढवेना म्हणून खाली बसवून मी एकटीच वकिलांकडे वर गेले होते. "कंदील नव्हताच, असं सांग," ते म्हणाले, आणि मी हो म्हटलं. घरी आरशासमोर तीनदा घोकलंसुद्धा. मी खोटंच बोलणार होते, अण्णा. प्रश्न वेगळा आला म्हणून फसले, आणि खरं तोंडातून निसटलं. त्या निसटण्याचे उपकार मी अजून मानते. पुढे तुम्ही गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगायचात, "आमची मुलगी कोर्टातही खोटं बोलली नाही," आणि मी मान खाली घालून काजं करत राहायचे. तुम्हाला वाटायचं, मी लाजते. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, याचंही मला जरा बरंच वाटतंय.