दहा नंबरची जागा

जहाजावरून
दि. ११ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांना,
सविनय जय भीम.

मी ठीक आहे. आईचे गुडघे कसे आहेत? खापरखेड्यात थंडी ओसरली का? इथल्या वरणाला चव नाही आणि ह्या युद्धाच्या समुद्रातून कधी परतायचं ते कुणी सांगत नाही, हे फोनवर बोलून झालंच आहे. पण फोनवर तुमच्याशी खोटं बोलायला सोपं जातं, म्हणून पत्र. आज बंदराला लागलोय. रजेवर निघालेल्या एकाच्या हाती देतोय.

मी नौदलात भरती झालो तेव्हा तुम्ही दहा नंबरचा पाना दिला होता, वीजकेंद्रात तीस वर्षं वापरलेला. स्वतःचं हत्यार बाळगायला इथे बंदी आहे, तरी मी तो ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. आम्ही हेलिकॉप्टर दुरुस्त करणारे, आमच्याकडे हत्यारं टांगायच्या बोर्डावर प्रत्येकाची आकृती रंगवलेली असते. काम संपलं की ज्याचं त्याच्या जागी. एक जागा जरी रिकामी असली, तरी ते हत्यार सापडेपर्यंत हेलिकॉप्टर उडत नाही.

मागच्या मंगळवारी एका मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. भाजलेल्या तीन खलाशांना आणायला हेलिकॉप्टर निघणार होतं, सगळे घाई करत होते आणि माझ्या बोर्डावर दहा नंबरची जागा रिकामी होती. मी तुमचा पाना आणून तिथे लावला. सगळी हत्यारं जागेवर आहेत, अशी वहीत सही केली.

हेलिकॉप्टर दिसेनासं झालं तेव्हा कुठे डोक्यात आलं. हरवलेला पाना आतच पडला असेल, तर आतले चौघे समुद्रात जातील. तरी पंधरा मिनिटं मी भेकडासारखा उभा होतो. मग चीफसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी लगेच हेलिकॉप्टर परत बोलावलं. पाना इंजिनाशेजारीच निघाला.

आधीच बोललो असतो तर दहा मिनिटांत सापडला असता. पाऊण तास गेला. दुसऱ्या फेरीत दोघांना आणलं, तिसरा तोवर गेला होता. त्याचं नाव मी कुणाला विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

चौकशी चालू आहे. सही करायचा अधिकार काढून घेतलाय, सध्या डेक धुतो. कोणी वाईट वागत नाही, बाबा. कोणी बोलतच नाही. जेवायला बसलो की शेजारी कुणी येत नाही. फार एकटं वाटतं.

परवा आपली मेघा फोनवर हसत होती, "दादा, बाबा साऱ्या कॉलनीले सांगून राहिले, माह्या पोराच्या सहीबिगर हेलिकॉप्टर उडत नाही म्हणून." मीही हसलो. तेवढं आता कुणाला सांगू नका.

इथे सगळे गप्प आहेत. तुम्ही तरी मला शिव्या द्या.

अजून तुमचाच म्हणवून घेणारा,
धम्मानंद