गालात भरलेला वारा

ताश्कंदला, आदरणीय तुर्सुनॉय आपांच्या सेवेशी,

मर्गिलानहून तुमचा धाकटा भाऊ ममासोली छातीवर हात ठेवून, कमरेत वाकून सलाम करतो. (वाकलो ते मनातल्या मनात. खरं वाकायला डॉक्टरीणबाईंची परवानगी नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा रक्तदाब? अंगणातल्या जर्दाळूला यंदा फळ धरलं का, की पुन्हा थंडीनं मोहोर खाल्ला? आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे आता आहोत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण माझा आवाज अजून बोकडासारखा निघतो आणि तो ऐकून तुम्ही पहिल्याच वाक्याला रडायला लागाल.

तर झालं असं, की माझी खालची अक्कलदाढ किडली. ती झुलैहो नावाच्या दातांच्या डॉक्टरणीनं काढली. बाई चणीनं एवढीशी, पण हात लोहाराचे. दाढ हाडात रुतलेली, म्हणून तिनं वाऱ्यावर फिरणाऱ्या यंत्रानं तिचे तुकडे केले, टाके घातले आणि बजावलं, “काका, दोन आठवडे काही म्हणजे काही फुंकायचं नाही. नाकसुद्धा जोरात शिंकरायचं नाही.” मी तोंडात बोळा धरून मान हलवली. आता तुम्हीच सांगा आपा, मर्गिलानमधल्या सर्वांत लांब कर्णा वाजवणाऱ्याला फुंकू नको म्हणणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणण्यासारखंच की नाही? (तुमच्या भावजयीच्या, हनीफाच्या मते कोंबड्याला निदान अक्कल असते. तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं.)

दुसऱ्याच दिवशी युल्दाश हाजींच्या नातवाचं लग्न होतं. पहाटेच्या पुलावाला पाहुणे येणार, आणि दारात कर्णा नाही म्हणजे लग्नघर की मयताचं घर, हे पाहुण्यांना कळावं कसं? माझा सनईवाला जोडीदार मिर्झाकरीम म्हणाला, “तू नुसता कर्णा धरून उभा राहा, मी निभावून नेतो.” पण कर्णा हातात आला की तोंड आपोआप त्याला लागतं. पहिली फुंक झकास गेली. दुसरीला कानाखाली काहीतरी सरकलं. तिसरीला उजवा गाल असा टम्म फुगला, की मला डोळ्यांच्या खाली माझाच गाल दिसायला लागला. मग डोळाच मिटला, त्यामुळे तेही दिसेनासं झालं.

पुढे काय झालं ते विचारू नका. लग्नघरात वैद्यांना काय तोटा! एकजण म्हणाला, गांधीलमाशी चावली. दुसरा म्हणाला, गालगुंड, पोरं लांब ठेवा. नवरदेवाच्या आजीनं दृष्ट लागली असं ठरवून इसिरिकच्या वाळल्या पाल्याच्या धुराचं भांडं माझ्याभोवती इतकं फिरवलं, की मला ठसका लागला आणि ठसक्यासरशी मान फुगली. तेवढ्यात पुलावाच्या कढईपासून नॉरमत खाटीक आला. त्यानं गाल दाबला, आतून कुरकुर आवाज आला, आणि गडी खूश होऊन ओरडला, “अरे, ही तर हवा! बकरं सोलताना कातड्याखाली मी फुंकर मारतो ना, अगदी तसं! थांब, एक बारीक चीर देतो, फुस्स करून निघून जाईल.” रोग त्यानं बरोबर ओळखला, हे कबूल. पण सुरी पुसायला त्यानं फडकं मागितल्याबरोबर मी एका डोळ्यानं दिसेल त्या रस्त्यानं पळत सुटलो, माझ्यामागे मिर्झाकरीम, त्याच्यामागे धुराचं भांडं घेऊन आजी.

इस्पितळात पोचेपर्यंत माझी थट्टेची खुमखुमी जिरली होती. कुरकुर छातीपर्यंत उतरली होती आणि घास गिळताना अडकावा तसं वाटत होतं. डॉक्टर साओदत म्हणून एक शांत बाई आहेत. त्यांनी गालावर, मानेवर, गळ्याखालच्या हाडावर बोटं टेकली. गोठलेल्या बर्फावरून चालावं तसा तो आवाज. “दाढ कधी काढली?” त्यांनी विचारलं. “काल,” मी म्हणालो. “आणि त्यानंतर काय फुंकलंत?” मी हातांनी कर्ण्याची लांबी दाखवायला लागलो, तर माझे हात भिंतीला लागले. बाई हसल्या नाहीत. जखमेतून हवा कातडीखाली घुसलीय, म्हणाल्या. ती आपोआप जिरते, पण काळजाजवळ किंवा फुप्फुसाभोवती साचली असेल तर गोष्ट वेगळी. मग फोटो काढायला मला एका यंत्राच्या पोटात सरकवलं. आपा, तिथे पडल्या पडल्या मी आयुष्यात पहिल्यांदा श्वास हळू घेतला.

फोटोत काळजाजवळ थोडीशीच हवा निघाली, फुप्फुसं शाबूत. नाकाला प्राणवायू लावला, जंतू वाढू नयेत म्हणून सुया टोचल्या, अर्धवट बसवून ठेवलं. चीर नाही, टाका नाही. शिकाऊ डॉक्टरांची रांग मात्र लागली. प्रत्येकानं गाल दाबून आवाज ऐकला. (हनीफानं तर दोनदा.) मला वाटलं, वीस वर्षं कर्ण्याच्या नावानं बोटं मोडणारी ही बाई आता डॉक्टरांकडून कायमची बंदी लिहून घेणार. पण तिनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक पिळत विचारलं, “डॉक्टर, हे पुन्हा वाजवतील ना हो?” दाढेचे टाके निघून जखम भरली की खुशाल, असं उत्तर आलं, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडली. मी पण रडलो असतो, पण नाक शिंकरायची बंदी होती.

आता गाल माणसाचा झालाय, मानेत थोडी कुरकुर उरलीय. भावोजींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
ममासोली

ता. क. : जाता जाता एक किरकोळ गोष्ट. शुक्रवारी रेशीमवाल्यांच्या घरी लग्न आहे. छोटंसंच. तुम्ही हनीफाला फोन करून एवढंच म्हणा, की डॉक्टरलोक सगळंच वाढवून सांगतात आणि हळूच मारलेली फुंक काही फुंकेत धरत नाहीत. तुमचा शब्द ती मोडत नाही.

दुसरा ता. क. : आपा, मी हनीफा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. गाल फुगल्यावरही यांनी आणखी दोनदा फुंकलं, कारण वरात वळणावर दिसली होती. ते लिहायचं राहिलेलं दिसतंय. या पत्राबरोबर गाडीवाला घोंगडीत गुंडाळलेली जी लांबलचक वस्तू देईल, तो कर्णा आहे. यांना वाटतंय, तो तांबटाकडे घासायला गेलाय. तुमच्या पलंगाखाली मावला नाही तर छपरावर ठेवा. डॉक्टरांनी हो म्हटलं की मी स्वतः घ्यायला येईन. लवकर म्हणू देत बाई. घर इतकं गप्प आहे, की मला झोप लागत नाही.