घ्यायला कोण येणार

शनिवार, १८ जानेवारी

पोचले. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी एकटी, स्वतःच्या पैशाने, लग्न-बारसं-मयत असलं कुठलंही निमित्त नसताना घराबाहेर पडले आहे. याची कुठेतरी नोंद व्हायला हवी, म्हणून बॅग उघडायच्या आधी वही उघडली.

नागपूरला फिरायला कोण जातं, असं नवऱ्याने, जितेंद्रने, नाशिक रोड स्टेशनवर सोडतानाही विचारलं. अरे बाबा, कोणी जात नाही, म्हणूनच. गोव्याला माणसांच्या पाठी बघायच्या आणि महाबळेश्वरला गाड्यांच्या. इथे उतरणारे सगळे वाघ बघायला ताडोब्याकडे नाहीतर पेंचकडे पळतात, शहराकडे कोणी ढुंकून बघत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या एका रुंद, रिकाम्या रस्त्यावर हा बंगला आहे. खोल्या पाचच. जाहिरातीत लिहिलं होतं : पाच दिवसांचं माहेरपण. आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून भावाकडे जाणं म्हणजे वहिनीचा चेहरा बघत चहा पिणं. म्हटलं, आपलं बंद पडलं ना, मग विकत घेऊ. हौसेला मोल नाही.

खोली बघून तोंडात बोटं गेली. सागवानी पलंग, पाय बुडतील असा गालिचा, न्हाणीघरात तांब्याचा टब, ऊन ऊन टॉवेल. खिडकीत एका बशीत संत्री, तीही सोललेली, शिरा काढलेली. घरी ही हमाली माझी.

बंगल्याच्या मालकीणबाई सुभद्राबाई, सगळ्या त्यांना काकू म्हणतात. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, विणकरांच्या घरातल्या. सासऱ्यांचे इथल्या महाल भागात माग होते, पलंगावरची चादर त्यातल्याच एकावरची. त्यांनी दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पायांवर कोमट पाणी घातलं. मला रडू आलं. वहीत कशाला लपवू?

मग एक कागद भरायला दिला. नाव, गाव, आवडीची भाजी, दुपारी झोपता का. शेवटचा प्रश्न : घ्यायला कोण येणार? मी ठसक्यात लिहिलं, कोणी नाही, एकटी आले, एकटी जाईन. काकूंनी ते वाचून चष्मा काढला आणि नक्की का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नक्की.

रात्री सावजी मटण. पहिल्या घासाला कानातून धूर, दुसऱ्याला नाकातून पाणी. तीन तांबे पाणी प्यायले आणि ताट पुसून खाल्लं.

रविवार, १९ जानेवारी

मजा आहे बाई एका माणसाची. सकाळी तर्री पोहे, मग काकूंनी स्वतः डोक्याला तेल घातलं. व्हरांड्यात खालच्या पायरीवर मी, वरच्या पायरीवर त्या. पाऊण तास बोटं फिरत होती. तेलाला कसला वास आहे ते ओळखता येत नाही. आईकडे असायचा तसा, पण आईकडे तर खोबरेलच होतं.

मग गाडीतून शहर दाखवलं. फुटाळा तलाव, रविवारचे रिकामे रस्ते, सीताबर्डीला उतरून दोन ओढण्या. गाडीचं दार ड्रायव्हर उघडणार, पिशव्या ड्रायव्हर धरणार. कुठे रांग नाही, धक्का नाही, सेल्फीवाले नाहीत. मला स्वतःचाच हेवा वाटला.

मिनलला फोटो पाठवले. लेक पुण्याला हॉस्टेलवर असते, आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाली, आई, तू चक्क सुंदर दिसतेस. त्या 'चक्क'कडे परत गेल्यावर बघते.

दुपारी अडीच तास झोपले. मी. दुपारी.

सोमवार, २० जानेवारी

जितेंद्रचा फोन. लॅबमधलं मशीन पुन्हा बंद, नवी मुलगी रक्त काढताना शीर शोधत बसते, पेशंट ओरडतात. एरवी मी फोनवरच कडाकडा बोटं मोडली असती. पंधरा वर्षं ती लॅब मी चालवते, रोज साठ-सत्तर दंड माझ्या हाताखालून जातात. आज म्हटलं, बरं. तो म्हणाला, तुला बरं नाही का? खरं तर इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी बागेत दुसऱ्या पाहुण्या भेटल्या, गोपिकाताई, अमरावतीच्या. पन्नाशीच्या असतील, वेणी कमरेपर्यंत, तेलाने चपचपीत. किती दिवस आहात विचारलं, तर म्हणाल्या पाच. इथे फिरायला मेट्रो चांगली आहे, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, झाली का ती सुरू? मी आली तेव्हा खांब उभे होऊन राहिले होते. मुलगा घ्यायला येणार आहे म्हणाल्या, तो बाहेरदेशी असतो, त्याला सुटी मिळाली की येईल.

नागपूरची मेट्रो सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. बाईंचा काहीतरी घोळ होतोय. वय झालं की होतो.

मंगळवार, २१ जानेवारी

आज पुन्हा सावजी मटण होतं. तोच लाल तवंग. मी पूर्ण वाटी संपवली आणि पाण्याला हात लावला नाही हे उठताना लक्षात आलं. तिखट नव्हतं, असंही नाही. शेजारी गोपिकाताईही तशाच जेवत होत्या, निवांत, जशी काही पेज.

मला साखरेचा थोडा त्रास आहे, म्हणून तपासायचं यंत्र बरोबर ठेवते. दुपारी उठल्यावर बोटाला सुई टोचली. थेंब आला. टोचलं मात्र नाही. वाटलं, सुई बोथट असेल. नवी घेतली, करंगळीला टोचली, मग अंगठ्याला, मग उरलेल्या दोन्ही बोटांना. पाच थेंब, पाचही लाल, छान. हजारो लोकांना मी सांगितलं असेल, मुंगी चावल्यासारखं होईल हं. मुंगीसुद्धा चावली नाही.

हे नोंदवून ठेवते. असं झालं तर पेशंटला मी तातडीने डॉक्टरकडे पाठवते. मला काळजी वाटायला हवी. काकू तेलाची वाटी घेऊन आल्या, मी पायरीवर जाऊन बसले.

बुधवार, २२ जानेवारी

पॅकेज संपलं. उद्या दुपारची गाडी आहे. स्टेशनवर सोडायला गाडी मिळेल ना, म्हणून काकूंना विचारलं.

त्या माझ्या केसांतून फणी फिरवत होत्या. म्हणाल्या, "लेक एकटी नाही जात वं. कोणी घ्यायले आलं का मीच ओटी भरून पाठवीन."

मी हसून सांगितलं की जमाना बदलला, मी एकटी आले होते. त्या म्हणाल्या, येते एकटी, जात नाही. रागावून नाही, दमदाटी नाही, भाजीत मीठ किती घालायचं सांगावं तसं. जास्तीच्या दिवसांचं काय, विचारलं तर म्हणाल्या, माहेरी कोणी दिवस मोजतं का?

आवाजात इतकी माया होती, की मी मान त्यांच्या फणीखाली तशीच ठेवली.

गुरुवार, २३ जानेवारी

नीट लिहिते. कुलूप नव्हतं. फाटक सताड उघडं होतं. मी बॅग घेऊन निघाले, माळ्याने बॅग ऑटोत ठेवायला हातही लावला. काकू व्हरांड्यातून बघत होत्या. कोणी अडवलं नाही.

स्टेशनवर वेळेत पोचले. बाकावर बसले. गाडी आली. माझा डबा बरोबर समोर थांबला, तिकिटावर माझं नाव, दार दहा पावलांवर. लोक चढले, चहावाला ओरडत गेला. मी बघत होते. उठायला हवं हे मला कळत होतं, पण ती गाडी दुसऱ्या कोणाची तरी असावी असं वाटत होतं. मग ती गेली.

ऑटोवाल्याने कुठं जायचं विचारलं. मी या बंगल्याचा पत्ता सांगितला.

काकू व्हरांड्यातच होत्या. चहा तयार होता.

शुक्रवार, २४ जानेवारी

जितेंद्रला फोन केला. म्हटलं, मला घ्यायला ये. आधी त्याला चेष्टाच वाटली. तू काय नवी नवरी आहेस का, म्हणाला. लॅब कोण बघणार, रोज गाड्या आहेत, बस आणि ये. मी म्हटलं, बसता येत नाही. तो म्हणाला, मग राहा दोन दिवस जास्त, आवाजावरून तरी मजेत वाटतेस.

आवाज. मी ओरडत होते. मला वाटलं मी ओरडते आहे.

पाचही खोल्या भरलेल्या आहेत. आज दारं उघडी होती म्हणून दिसल्या. पाच वेण्या, माझी धरून. कोणी कुढत नाही, कोणी कोणाशी बोलत नाही. टॉवेल ऊन आहेत. संत्री सोललेली आहेत.

रविवार, २६ जानेवारी

जवळच्या शाळेत झेंडावंदन झालं, बँड ऐकू आला. त्या आवाजाने जरा जाग आल्यासारखं झालं आणि तेवढ्यात मिनलचा फोन. आई, बाबा म्हणतात तू परत यायला तयार नाहीस. काय चाललंय?

मी म्हटलं, मिनू, तू ये मला घ्यायला. एवढंच जमलं.

ती म्हणाली, येते. का, कशाला, काही नाही. येते. या जगात मला घ्यायला येणारं एक माणूस आहे. मला रडू यायला हवं होतं. डोळे कोरडे होते, पण आत कुठेतरी खूप खाली काहीतरी हललं. ते आनंदाचं होतं हे मी लिहून ठेवते, म्हणजे नंतर विसरणार नाही.

सोमवार

गोपिकाताईंना सांगितलं, माझी लेक येते आहे, बुधवारी सकाळी.

त्यांनी माझा हात धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं. म्हणाल्या, "नवऱ्याले बोलाव, भावाले बोलाव, कोणाले बी बोलाव. पोरीले काहून बोलावलं? पोरगी घ्यायले नाही येत वं. पोरगी माहेरी राहायले येते."

मी विचारलं, तुम्हाला मुलगी आहे का? त्यांनी कोपऱ्यातल्या खोलीकडे पाहिलं. तिथली मुलगी खिडकीत बसून केस विंचरत होती. पंचवीस-सव्वीसची असेल. मग त्या परत नेहमीसारख्या झाल्या आणि मोगऱ्याला पाणी घालायला गेल्या.

मिनलला थांबवायचं. आत्ता. फोन समोर आहे.

सोमवार, नंतर

फोन हातात घेतला होता. नाव काढलं. दाबायचं तेवढं राहिलं. काकूंनी जेवायला हाक मारली, मी खाली गेले.

मंगळवार

तिची गाडी संध्याकाळी सुटते. अजून वेळ आहे. अजून—

तीन वेळा फोन उचलला. मेसेज लिहिला, येऊ नकोस. तो लिहिलेला दिसतो आहे. पाठवलेला नाही. अंगठा तिथेच आहे, मी त्याला सांगते, तो ऐकत नाही असंही नाही, त्याला— मला— काही तातडीचं वाटतच नाही.

तिचा मेसेज आला, बसले गं, सकाळी येते, बॅग भरून ठेव. शेवटी एक हसरा चेहरा.

मला भीती वाटायला हवी. मला भीती वाटायला हवी. लिहून बघितलं. नाही.

बुधवार

आली.

खालून आवाज येतोय तिचा. केवढा मोठा आवाज आहे हिचा, फाटकापासून भांडत आली. माझ्या आईला का ठेवून घेतलं, कुठे आहे ती, पोलिसात जाईन. माझी पोर. काकू हो हो म्हणताहेत. बस आधी, दमली असशील, म्हणताहेत. ती म्हणाली, बसायला नाही आले.

मी खिडकीत आहे. वही मांडीवर. तिने मला पाहिलं, हात केला, खाली ये म्हणाली. येते म्हटलं. म्हटलं का? ओठ हलले.

काकू व्हरांड्यात बसल्या. रात्रभर प्रवास, केसांचं बघ काय झालंय, म्हणाल्या. मिनू म्हणाली, पाच मिनिटं फक्त, आई येईपर्यंत.

ती बसली. खालच्या पायरीवर.

वाटी आणली. नको. तेवढं नको, मिनू, आजीच्या वासाचं असेल ते, तुला वाटेल की—

आवाज बंद झाला.

तिचे खांदे बघते आहे. लहानपणापासून कानाला चिकटलेले असतात तिचे खांदे, रागात. खाली येताहेत. दोन्ही. हळूहळू.

आत काहीतरी हलतंय. दुखतंय. हो, दुखतंय, खरंच, किती दिवसांनी, छातीत, इथे. हे धरून ठेवायचं. एवढ्यावर उठता येईल. जिना सतरा पायऱ्या. उठायचं, उतरायचं, तिचा दंड धरायचा आणि ओढत फाटकापर्यंत—

तिने मान वर केली. डोळे मिटलेले. माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "आई, आजचा दिवस राहू या ना गं."

उठते आहे. एक पाय खाली टेकला. जमीन लागत नाही पण टेकला असणार. दुसरा. वही ठेवते. मिनू, ऊठ, मिनू ऊ